संकासुराची कुळकथा

आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात आलं की दक्षिणेला कशेडी, आणि कशेडी ओलांडली की खेड. तिथून दापोली-गुहागरपर्यंत शिमग्यात संकासुर फिरतो. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात आणि तो मागे लागला की किंचाळत पळतात. हा पुराणातला असुर आजच्या गावात येतो कसा, याची कथा मराठी रंगभूमीइतकीच जुनी आहे.

मूळ कथा वेदांच्या चोरीची. भागवतात चोराचं नाव हयग्रीव आहे, तर पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात शंखासुर, म्हणजेच आपला संकासुर. तो वेद पळवून समुद्रात दडतो आणि विष्णू मत्स्यरूप घेऊन त्याला मारतो. पुराणात यात हसण्यासारखं काही नाही. विनोद आला तो कोकणातल्या दशावतारात.

दशावताराच्या पूर्वरंगात गणपती, सरस्वती यांच्यानंतर संकासुर येतो आणि त्याची भटजीशी जुंपते. वेद सत्ययुगात चोरीला गेले, पण संकासुर बोलतो आजचं. देव प्रमाण मराठीत बोलतात, हा मात्र मालवणीत. गावची भांडणं, महागाई, निवडणूक, समोर बसलेला पुढारी, काहीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. मग विष्णू येऊन त्याचा वध करतो आणि पुढे आख्यान सुरू होतं. युगांचं अंतर ओलांडायला त्याला कसलंही यंत्र लागत नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडातही ते जमलं, आज ट्यूबलाइटखालीही जमतं.

हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये कोकणात आणला, अशी परंपरा आहे. पण दशावतारी खेळ्यांचा उल्लेख सतराव्या शतकातल्या समर्थ रामदासांच्या दासबोधातही आहे. म्हणजे श्यामजी नाईकांच्या आधीही हे खेळे मराठी मुलखाला ओळखीचे होते.

काळ ओलांडण्याची कल्पनाही पुराणांना परकी नाही. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला रेवतीसह ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चालू होतं, म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली आणि मनात योजलेले सगळे वर नाहीसे झाले. अखेर रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच. विष्णुपुराण सांगतं की बलरामाने नांगराच्या टोकाने तिची उंची कमी केली. कालप्रवासाची इतकी जुनी आणि इतकी गमतीदार गोष्ट क्वचितच सापडेल.

पुन्हा रंगभूमीकडे येऊ. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. पौराणिक खेळात प्रेक्षकांना हसवण्याचं काम तिथे विदूषकाकडे आलं. तमाशाच्या वगानेही हीच वाट धरली. ‘गाढवाचं लग्न’मध्ये स्वर्गातला गंधर्व शापाने गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या दारी येतो. दादू इंदुरीकरांनी तो वग गाजवला आणि 2007 मध्ये त्यावर चित्रपटही आला. पुढे जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेत एका यंत्रमानवाला ‘वामन’ हे पौराणिक नाव दिलं, तेव्हा मराठी वाचकाला ते परकं वाटलं नाही. पुराण आणि वर्तमान एकाच मांडवात बसवण्याची सवय त्याला पिढ्यान्‌पिढ्या होती.

कालप्रवासाचा विनोद आपल्याकडे पाश्चात्त्य पुस्तकांतून आणि सिनेमांतून आला, हे म्हणूनच खरं नाही. ती कला संकासुराची आहे. त्याचे संवाद मात्र बहुतेक लिहिलेले नसतात. नट ते उभ्या-उभ्या रचतो आणि खेळ संपला की ते विरून जातात. तुमच्या गावात संकासुर करणारे वयस्क नट असतील, तर या शिमग्यात त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवा.