फेरफारात भेटणारी माणसं : एका गावाचा, एका घराचा इतिहास शोधताना

गावाच्या इतिहासावर काम करायचंय म्हटलं, की गाइड आधी इंग्लंडमधल्या पॅरिशवरची पुस्तकं हातात देतात. त्यात चूक काही नाही. तिथे १५३८ साली थॉमस क्रॉमवेलचा हुकूम निघाला, की प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. त्यामुळे शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या खेड्यातला साधा शेतमजूरसुद्धा जन्मताना, लग्नात आणि मेल्यावर कागदावर येतो. श्रॉपशरमधल्या मिडल गावच्या रिचर्ड गॉफने १७००च्या सुमारास तर कमालच केली. म्हातारपणी त्याने चर्चमधल्या बाकांचा आराखडा घेतला आणि कुठल्या बाकावर कुठलं घराणं बसतं त्या क्रमाने गावाच्या कुळकथा लिहून काढल्या. दारूपायी घर कोणी घालवलं, कोणाचं लग्न कसं जमलं, सगळं त्यात आहे. जरूर वाचा, मजा येते.

पण ती पद्धत उचलून चिंचवडला आणली तर पहिल्याच पायरीवर अडते. आपल्याकडे तशी वहीच नव्हती. जुन्या कागदांत माणूस जन्मला म्हणून येत नाही. त्याचा कशावर तरी हक्क असतो, किंवा त्या हक्कावरून भांडण लागतं, तेव्हा तो येतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे शोधायचं आणि कोण सापडणार नाही, या दोन्ही गोष्टी उलगडायला लागतात.

चिंचवडचंच बघा. मोरया गोसावींची समाधी पवनेच्या काठी आहे आणि त्यांच्या वंशजांना, देव घराण्याला, मराठेशाहीत इनामं मिळाली. एडवर्ड मूरने १८००च्या सुमारास इथल्या ‘जिवंत देवा’वर लेख लिहिला, १८०९ साली मारिया ग्रॅहम येऊन बघून गेली (तिला काही फारसं भावलं नाही). पण या पाहुण्यांच्या वर्णनांतून घराण्याचा इतिहास उभा राहत नाही. तो उभा राहतो इनामाच्या कागदांतून. १८१०मध्ये थेट वंश संपला आणि दूरच्या नात्यातला वारस पुढे आणावा लागला, असं पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर सांगतं. मग वारसा कोणाचा, वाटा कोणाचा, सनद खरी का, हे प्रश्न आले. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापले पुरावे काढून दाखवावे लागले. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली देव घराण्यावर केंब्रिजकडून अख्खं पुस्तक काढलं, ते अशाच कागदांच्या जोरावर. घराणं आणि सरकार सतत एकमेकांशी बोलत, भांडत राहिले, म्हणून आपल्याला वाचायला काही उरलं.

प्रश्न आहे तो देवांच्या वाड्यामागच्या गल्लीतल्या घराचा. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत. सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातले निवडक ४५ खंडांत छापले खरे, पण त्यांची नजर मुख्यतः राजकारणावर होती. गावचे झाडे, ताळेबंद, महजर मुळातूनच वाचावे लागतात. म्हणजे मोडी शिका. याला शॉर्टकट नाही.

इंग्रजी अमलातल्या काळासाठी माझा सगळ्यात लाडका कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. सातबारावर फक्त आजचं उत्तर असतं; ते कसं आलं ते फेरफार सांगतो. कोण मयत झाला, वारस कोण, वाटप कसं झालं, जमीन गहाण कोणाकडे पडली, कधी सुटली. एका सर्व्हे नंबरचे सगळे फेरफार ओळीने लावले की कादंबरीच वाचल्यासारखं होतं, फक्त भाषा तलाठ्याची. त्यातली संक्षिप्त रूपं पाठ करून ठेवा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे नाव एकट्याचं दिसलं तरी मागे भाऊ आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील लवकर गेलेत, पोरं लहान आहेत आणि पालनकर्ती म्हणून बऱ्याचदा आई उभी आहे. विधवा बाई कागदावर येण्याची ही एक ठरलेली जागा.

मुलींचं मात्र अवघड आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बहिणींची नावं वारसांत लागू लागतात, आणि पुष्कळदा पुढच्याच एखाद्या फेरफाराने हक्कसोडपत्रावर कमी होतात. नाव लागलं कधी आणि गेलं कधी, यातलं अंतर मोजा. काही घरांत ते काही महिन्यांचं असतं, आणि त्या गावात त्याच वेळी जमिनीचा भाव का चढला होता, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९७० साली नगरपालिका झाली. ही सालं शेजारी लिहून मग फेरफार वाचा. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते या कागदांत जवळजवळ नाहीत. कूळ म्हणून नाव असेल तर १९४८च्या कूळकायद्यानंतर काही जण वर येतात. मजूर म्हणून राबलेला माणूस येत नाही. प्रबंधात हे स्पष्ट लिहा, नाहीतर खातेदारांचा इतिहास हाच गावाचा इतिहास म्हणून खपून जातो.

जन्म-मृत्यूची वही आपल्याकडेही नंतर आली. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, जुना गाव नमुना १४. (सध्याचा नमुना १४ पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. कार्यालयात नुसतं ‘चौदा नंबर’ मागितलंत तर भलतंच हाती येईल.) जातीचा रकाना असल्यामुळे २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात याच वह्या तालुक्या-तालुक्यातून बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तेव्हा कळलं की आजोबाच्या आजोबाचं नाव एका ओळीत सापडणं हा कुटुंबासाठी किती मोठा प्रश्न असू शकतो. संशोधक म्हणून आपण त्या रांगेत ‘अभ्यासासाठी’ उभे असतो, शेजारच्या माणसाला प्रवेशासाठी दाखला हवा असतो. त्याला पुढे जाऊ द्यावं.

कागदाबाहेरही दोन दारं आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे यजमानांच्या वह्या असतात. श्राद्धाला गेलेल्या पिढ्या तिथे ओळीने सापडतात. आणि गावात मान कोणाचा, हे जरूर विचारा. होळी पहिली कोणाची, बैलपोळ्याला पुढे बैल कोणाचे. गॉफच्या बाकांची जागा आपल्याकडे या मानपानाने घेतलेली आहे. शेत जाऊन तिथे सोसायटी झाली तरी मान कोणाचा ते लोकांना अजून नीट आठवतं.

चिंचवडपट्ट्यात काम करणार असाल तर एक गोष्ट पहिल्या महिन्यातच करा. नगर भूमापन झालं की सातबाराची जागा मिळकत पत्रिका घेते आणि शेताचा जुना सर्व्हे नंबर रोजच्या व्यवहारातून निघून जातो. नवा सिटी सर्व्हे नंबर कुठल्या जुन्या शेतावर बसलाय, ते नगर भूमापन कार्यालयातल्या चौकशी नोंदवहीत बघा. आजच्या फ्लॅटच्या पत्त्यावरून सुरुवात करून आधी जुना सर्व्हे नंबर काढा, मगच फेरफाराचा अर्ज लिहा. नंबर चुकीचा पडला तर दुसऱ्याच कुणाचे पूर्वज घरी घेऊन याल.