पावती, चलान आणि तास

१८६० सालच्या भारतीय दंडविधानात २७९ वं कलम होतं. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला किंवा घोडा दौडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा आपल्याकडे मोटार कोणी पाहिलेली नव्हती. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टांगे, बग्ग्या आणि भरधाव घोडे होते. १ जुलै २०२४ ला दंडविधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा २८१ झाला. दंडाची कमाल रक्कम मात्र हजार रुपयेच राहिली. त्या काळी हजार रुपयांचा दंड झाला असता तर कोकणातलं एखादं घर बसलंच असतं. आज महाडहून मुंबईला जाऊन यायचं डिझेलही त्यात येत नाही.

वेगाने जाणाऱ्याचं काय करायचं, याची तीन उत्तरं आजवर निघाली. पैसे घ्या, भीती घाला, नाहीतर समोर बसवून शिकवा. पहिली दोन जुनी आहेत. तिसरं अगदी अलीकडचं, आणि आपल्याकडे ते अजून धड रुजलेलं नाही. का रुजलेलं नाही, हे महाड-पोलादपूरच्या रस्त्यावर उभं राहिलं की नीट कळतं, कारण वेगाचा सगळा इतिहास इथे वीसेक किलोमीटरच्या आत सापडतो.

महाड हे सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. इथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून पोलादपूरमार्गे पार घाटाने जावळीत आणि तिथून वाई-साताऱ्याकडे जायचा. त्या वाटेवर वेगाची मर्यादा कोणी लिहून ठेवली नव्हती. लादलेल्या बैलाचा दम हीच मर्यादा. १८७० च्या दशकात इंग्रजांनी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा गाडीरस्ता बांधला आणि मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव त्याला दिलं. आपण त्याला आंबेनळी घाट म्हणतो. त्याची वळणं आणि चढ बैलगाडीच्या हिशेबाने आखलेले आहेत. चढताना बैल थांबला की गाडीवान उडी मारून चाकामागे दगड लावायचा. कापडे सोडून वाडा कुंभरोशीकडे चढायला लागलं की आजही जाणवतं, रस्ता डांबरी झाला, कठडे आले, पण वळणाचा अंगचा स्वभाव बैलाचाच राहिला. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते, त्यांची बस याच घाटात दरीत गेली. ३० जण गेले, एक वाचला. दोरावरून खाली उतरून मृतदेह वर आणले ते पोलादपूर-महाबळेश्वरच्या गिर्यारोहक पोरांनी. त्यानंतर बरीच वर्षं या घाटात प्रवाशांना ‘चालकाला सावकाश म्हणा’ अशी आठवण कोणी करून द्यावी लागत नव्हती.

तिकडे विलायतेत कायद्याने वेगळंच टोक गाठलं होतं. १८६५ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनाला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा. वर गाडीच्या पुढे ६० यार्डांवर एक माणूस तांबडं निशाण घेऊन पायी चालला पाहिजे. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नॉल्ड नावाच्या गृहस्थांना ताशी ८ मैलांनी मोटार हाकल्याबद्दल पकडलं. पकडणारा शिपाई सायकलवर होता. वेगापायी झालेला दंड एक शिलिंग. वेगाच्या गुन्ह्यात दंड झालेले पहिले मोटारवाले म्हणून त्यांचं नाव राहिलं. अर्नॉल्डसाहेब स्वतः मोटारी विकायचे, त्यामुळे एका शिलिंगात एवढी जाहिरात काही महाग पडली नसावी. त्याच वर्षी गाडीपुढे माणूस चालवायची अट गेली आणि मर्यादा १४ मैलांवर गेली.

मुंबईत मोटार आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांत. मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये मोटारींसाठी स्वतःचा कायदा केला, देशभराचा कायदा १९१४ मध्ये आला, मग १९३९ चा आणि शेवटी १९८८ चा. प्रत्येक कायद्यात वेग आहे, पण सगळ्यांचा रोख एकच: किती मर्यादा आणि मोडली तर किती रुपये. वेग का वाढतो, चालवणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय असतं, याचा विचार करायची कोणाला गरज वाटली नाही.

तरी १९८८ च्या कायद्यातलं १८३ वं कलम वाचण्यासारखं आहे. त्यात दोन पोटकलमं अशी आहेत की लिहिणाऱ्याला रस्ता ठाऊक होता याची खात्री पटते. एक असं: एकट्या साक्षीदाराने ‘माझ्या मते गाडी जोरात होती’ म्हटलं म्हणून कोणी दोषी ठरत नाही, त्या मतामागे यंत्राचं मोजमाप हवं. म्हणजे पोलादपूरपुढच्या कशेडी घाटातल्या पोलीस चौकीवर उभ्या असलेल्या हवालदाराच्या नजरेला, ती कितीही मुरलेली असो, कोर्टात एकटीला किंमत नाही. दुसरं त्याहून धारदार आहे. एखाद्या मालकाने असं वेळापत्रक छापलं किंवा चालकाला अशी वेळ बांधून दिली, की मर्यादा न मोडता ती पाळणं शक्यच नाही, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध सकृतदर्शनी पुरावा. गणपतीत मुंबईहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या खिडकीवर ‘सकाळी किती वाजता पोचते?’ असं विचारलं की जे उत्तर मिळतं, ते कलमाला धरून एकदा तपासायला हरकत नाही.

यंत्र लागतं म्हटल्यावर यंत्र आलं. हॉलंडचे मॉरिस गॅटसोनिडिस हे मोटार शर्यतींतलं मोठं नाव. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली. वळणावर आपण किती वेगाने निघतो हे मोजून तो वाढवावा म्हणून त्यांनी वेग मोजायचं साधन बनवलं. पुढे तेच जगभरच्या पोलिसांच्या हाती गेलं. वेग वाढवायला जन्मलेलं यंत्र वेग पकडायला लागलं. आपल्या महामार्गांवर आधी स्पीडगन आली, मग लेझर लावलेली इंटरसेप्टर गाडी, मग खांबांवरचे कॅमेरे. रस्त्यावरच्या लोकांनी तोडही काढली. महाडकडून जाताना समोरच्या ट्रकने दोनदा डिपर मारला की ओळखायचं, पुढे मामा उभे आहेत. सगळी रांग एकदम पन्नासवर येते, चौकी मागे पडली की पुन्हा नव्वद. अनोळखी माणसांनी एकमेकांची इतकी निःस्वार्थ सेवा करण्याचं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे नाही.

पूर्वी पावती फाडली जायची, आणि फाडणारा व भरणारा समोरासमोर असायचे. त्यात चिरीमिरीही होती, हुज्जत होती, ‘साहेब, पेशंट आहे गाडीत’ होतं. ई-चलानाने ते सगळं पुसलं. आता फोन वाजतो आणि गाडीचा नंबर, ठिकाण, कलम, रक्कम असा मजकूर येतो. दुव्यावर बोट ठेवलं की आपल्याच गाडीचा फोटो आणि त्यावर वेगाचा आकडा. मोटार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने वेगासाठी हलक्या वाहनाला हजार ते दोन हजार आणि मोठ्या वाहनाला दोन ते चार हजार असा दंड केला. आधी पहिल्या वेळेला तो ४०० पर्यंत होता. चलानं साठत जातात आणि माणसं लोकअदालतीची वाट पाहतात. तिथे रक्कम कमी होते, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नव्हतीच असं नाही. ती एसटीत होती. महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था भोसरीला आहे. नवा चालक तर शिकतोच, अपघात करून आलेल्यालाही उजळणीला बसवतात. शिकवणारा बहुधा स्वतः घाट उतरलेला असतो, त्यामुळे त्याला थापा मारता येत नाहीत. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर; डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकलास तर ब्रेक तापतील आणि ऐन वेळी पायाखाली काही राहणार नाही; वर येणाऱ्याला आधी वाट दे, कारण थांबून पुन्हा उठणं त्याला जड. यातली शेवटची गोष्ट सरकारी नियमातही आहे, पण खाजगी गाडीवाल्यांपैकी किती जणांना ती कोणी सांगितली? लायसन्सच्या परीक्षेत मैदानावर आठचा आकडा काढून मोकळा झालेला माणूस थेट कशेडीत येतो. एसटीत चालकाच्या डोक्यावर ‘मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक’ लिहिलेलं असतं. त्याच्या मागे निदान एक शाळा उभी होती. घाटातल्या ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीमागे कोणतीच शाळा नाही.

वेगात सापडलेल्या साध्या नागरिकाला वर्गात बसवायची पद्धत इंग्लंडात चांगली मुरली. थोडक्या फरकाने मर्यादा ओलांडली असेल तर पोलीस पर्याय देतात: दंड भरा आणि लायसन्सवर तीन गुण घ्या, नाहीतर फी भरून काही तासांच्या वर्गाला बसा. एकदा बसलात की पुढची तीन वर्षं ही सवलत पुन्हा नाही. परीक्षा नसते, पास-नापास नसतं. दरवर्षी दहा लाखांवर लोक बसतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही ‘यंदा आमच्याकडे कोण बसलं’ अशी थट्टा चालते. वर्गात गणितही असतं. ताशी ३० मैलांवर गाडी थांबायला २३ मीटर लागतात आणि ६० मैलांवर ७३. वेग दुप्पट केला तर अंतर तिपटीच्या वर जातं. हे गणित आठवीतल्या मुलालाही जमेल, पण स्टिअरिंगमागे बसलेल्याने ते कधी मांडलेलं नसतं.

आपल्या कायद्यात ही कल्पना २०१९ च्या दुरुस्तीतून आली. वेगाबद्दल लायसन्स जप्त झालं तर पहिल्या वेळेला तीन महिने निलंबन, आणि मुदत संपल्यावर चालकाने उजळणी अभ्यासक्रम पुरा केला तरच ते परत मिळणार. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने वेगासाठी निदान तीन महिने निलंबन करा असं राज्यांना बजावलं होतंच. कागदावर म्हणजे सगळं आहे.

प्रत्यक्षात असा तास लोकांनी पाहिला तो समृद्धी महामार्गावर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि अपघातांच्या बातम्या लगेच सुरू झाल्या. मग परिवहन विभागाने टोलनाक्यांजवळ समुपदेशन सुरू केलं. गाडी कुठे शिरली आणि कुठे किती वाजता बाहेर पडली यावरून सरासरी वेग निघतो. तो जास्त आला की चालकाला बाजूला घ्यायचं, अपघातांच्या चित्रफिती दाखवायच्या, समजवायचं, प्रश्न विचारायचे. गंमत अशी की घाईत निघालेल्या माणसाला दंडापेक्षा तो बसून घालवलेला वेळच जास्त झोंबतो. मला विचाराल तर तेवढं एक झोंबणंही पुरेसं आहे.

समृद्धीवर हे जमलं कारण तिथे बाहेर पडायची दारं मोजकी आहेत आणि दारात चालक स्वतः हजर असतो. महाड-पोलादपूरला तसं दार नाही. इथे गावं रस्त्याला लागून आहेत, मिनीडोअर रिक्षा मध्येच वळतात, म्हशी रस्ता ओलांडतात. कॅमेरा फोटो काढतो तो गाडीच्या पाटीचा. चलान जातं मालकाला. गाडी पुतण्या चालवत असेल किंवा भाड्याचा चालक, काकांच्या फोनवर मेसेज येतो आणि काका पैसे भरून टाकतात. वर्गाचा रस्ता तर लायसन्स जप्त होण्यातून जातो, आणि कॅमेऱ्याला लायसन्स काढून घेता येत नाही. म्हणजे यंत्र जितकी जास्त चलानं काढतं, तितकी माणूस वर्गापर्यंत पोचायची शक्यता कमी. चालक कोण होता हे सांगायचं बंधन आपल्याही कायद्यात मालकावर आहे, १३३ व्या कलमात. इंग्लंडात तेच बंधन आधी वापरतात, मग वर्गाचं पत्र पाठवतात. आपल्याकडे चलान भरून झालं की तो प्रश्न कोणी काढत नाही. आणि लायसन्स जप्त झालंच तर महाडच्या माणसाचं कार्यालय पेणला, शंभरेक किलोमीटरवर.

रस्ता मात्र बदलला. वर्षानुवर्षं खड्ड्यांनीच इथली वेगमर्यादा पाळून घेतली होती. चौपदरी काँक्रीट आल्यावर ती नोकरी खड्ड्यांनी सोडली. भोगावजवळ दरवर्षी खचणारा कशेडीचा रस्ता चुकवून २०२३ च्या गणपतीआधी बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली, आणि पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आला. महाड ते पोलादपूर वीस किलोमीटर धरा. साठने गेलात तर वीस मिनिटं, ऐंशीने पंधरा. वाचलेल्या पाच मिनिटांत पोलादपूरच्या टपरीवर चहाला उकळीही येत नाही. तरी ऐंशीला सेकंदाला २२ मीटर रस्ता मागे पडतो, आणि मिनीडोअर आडवी यायला एक सेकंदही लागत नाही. हा हिशेब मागच्या सीटवरून ‘जरा दामटव की, अंधाराआधी पोचू’ म्हणणाऱ्यालाही लागू आहे. कायदा मालकापर्यंत पोचला, वेळापत्रकापर्यंत पोचला; घाई करणाऱ्या प्रवाशाचं नाव मात्र १८३ व्या कलमात नाही.