मुद्रा आणि मोजदाद

पन्हाळगडावरील अंबारखान्यात गंगा, यमुना व सरस्वती या नावांची तीन धान्यकोठारे आजही उभी आहेत. कोठारास स्वतंत्र नाव असले म्हणजे साठा त्या नावावर मांडता येतो. मराठी राज्यात गडावरील साठ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. ‘अंबार’ व ‘कारखाना’ हे शब्द फारसीतून आले, ‘मुद्रा’ संस्कृतातील, आणि एकेका जिनसाचा हिशेब घेणे या अर्थाचा ‘झाडा’ ‘झाडाझडती’ या जोडशब्दात अद्याप टिकून आहे.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या कारकिर्दीत, रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दारूकोठाराविषयी एक मार्मिक नियम आढळतो. ठरावीक दिवसांनी अधिकाऱ्याने स्वतः यावे, दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. मुद्रा अभंग आहे एवढ्यावरून आतील माल शाबूत आहे असे मानावयाचे नाही, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले दिसते.

आधुनिक दुकानातील साठ्याची व्यवस्था याच दोन क्रियांभोवती फिरते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात रेषांकित खुणेवरून पहिली विक्री नोंदली गेली. परंतु ती खूण मालाचा प्रकार सांगते, आणि प्रत्येक नग वाचकयंत्रासमोर धरावा लागतो. रेडिओ-लहरींवर चालणारी ओळखचिठ्ठी, म्हणजे आरएफआयडी, याहून पुढे जाते. परावर्तित लहरींनी संदेश देण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली होती. चिठ्ठीत सूक्ष्म चकती व आकाशक असतो, विद्युतघट नसतो. वाचकयंत्राच्या लहरींतूनच शक्ती घेऊन ती आपला क्रमांक परत धाडते. त्यामुळे खोके न उघडता शेकडो नग मोजता येतात व प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक देता येतो. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या प्रमुख पुरवठादारांकडे अशा चिठ्ठ्यांची मागणी केली. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. कोल्हापूरजवळील किणी पथकर नाक्यावर वाहनांच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो, तोही याच तत्त्वाने.

तथापि यंत्र मोजते ते चिठ्ठ्या, माल नव्हे. धातू लहरी परावर्तित करतो व पाणी त्या शोषून घेते. म्हणून फळीवरील डबा गणतीतून निसटू शकतो. उलट, वस्त्र चोरीस गेले आणि तोडलेली चिठ्ठी मागे राहिली, तर यंत्राच्या लेखी ते वस्त्र दुकानातच असते. अशा वेळी चूक चिठ्ठीच्या माथी मारता येत नाही. साठ्याचा जबाब माणसालाच द्यावा लागतो.

मोजदादीचे कष्ट नव्या साधनाने पुष्कळ हलके केले, यात संशय नाही. परंतु मुद्रा करणे आणि मुद्रा उघडून पाहणे ही दोन भिन्न कर्तव्ये होत, हा करवीरच्या अमात्यांचा दंडक त्यामुळे रद्द झालेला नाही.