अरामीकडे जाताना

पवनारच्या विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचा व्याप सांभाळणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. धर्मग्रंथ स्वतः उलगडून पाहण्याची ओढ या जिल्ह्याला जुनीच आहे. त्याच ओढीने अरामीकडे येणाऱ्या मराठी वाचकासाठी ही पानं.

अडचण सुरुवातीलाच येते. येशू बोलत असे अरामी. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे ग्रीक शिकून मुळाशी पोचलेला वाचकही येशूचं बोलणं बहुतेक ठिकाणी अनुवादातच वाचत असतो. मार्काने मात्र काही अरामी बोल तसेच राहू दिले: मृत मुलीला उठवतानाचे, बहिऱ्याचे कान उघडतानाचे, क्रुसावरच्या आक्रोशातले. मराठी बायबलातही ते देवनागरीत तसेच छापलेले असतात, आणि आपण ते अरामी म्हणून ओळखत नाही इतकंच.

जुन्या करारात तर अख्खे अध्याय अरामीत आहेत. दानीएलच्या दुसऱ्या अध्यायात, चौथ्या वचनाच्या मध्यावर हिब्रू थांबते आणि अरामी सुरू होते, ती सातवा अध्याय संपेपर्यंत. असं का, यावर पंडितांचं एकमत नाही. एज्राचं कोडं त्यामानाने सोपं: तिथे इराणी दरबाराशी झालेला पत्रव्यवहार आहे, आणि त्या साम्राज्याचं दप्तर अरामीत चाले. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, ते १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्यात हा अरामी भागही आलाच.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे ही भाषा घरात पोचली होती. वल्हांडणाच्या रात्री हगादा वाचतात. तिच्यात भुकेल्यांना जेवायला बोलावणारं आरंभीचं आवाहन अरामीत आहे. दिवंगतांसाठी म्हणतात तो कद्दीशही अरामी. १८४६ साली मुंबईत मराठी अनुवादासह हगादा शिळाछापावर निघाली. १८७४ ची पुण्याची हगादा सचित्र आहे, आणि तिच्यात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात! विद्यापीठीय व्याकरणं कितीही चांगली असोत, मराठी अभ्यासकाने आधी ही हगादा पाहावी असं माझं मत.

सभास्थानात तोरा हिब्रूत वाचली जाई आणि दुभाषी ती अरामीत सांगे. त्या परंपरेतून तार्गुम घडले. इथे ज्ञानेश्वरी आठवेल, पण साम्य अर्ध्यावर थांबतं. दुभाष्याने लिहिलेलं पाहून सांगू नये, असा रब्बींचा दंडक होता, मूळ आणि अनुवाद यांची गल्लत होऊ नये म्हणून. ज्ञानेश्वरीची मात्र स्वतंत्र पारायणं होतात. अशोकानेही वायव्येकडच्या प्रजेसाठी अनुवादाचाच मार्ग धरला: कंदाहारला १९५८ साली सापडलेला त्याचा लेख ग्रीक आणि अरामीत आहे, प्राकृत त्यात नाहीच.

लिपी बावीस अक्षरांची, उजवीकडून डावीकडे जाणारी. शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. अरबीतून आपल्याकडे आलेली ‘किताब’ ज्या क-त-ब धातूची, तोच अरामीतही लिहिण्याचा धातू. थोडी अरबी येत असेल तर वाट निम्मी सोपी होते. व्याकरण दानीएल-एज्रावरून शिकावं, मग ओंकेलोसचा तार्गुम घ्यावा. तालमूदला घाईने हात घालू नये. त्यातली बॅबिलोनी अरामी वेगळ्या वळणाची आहे आणि ती शिकायला गुरूच लागतो.