वीस मार्कांची गोष्ट

दहावीच्या निकालाचे आकडे दरवर्षी पेपरात येतात आणि आठवड्याभरात आपण ते विसरतो. मध्यंतरी मी महाराष्ट्र बोर्डाचे सलग चार वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून काढले. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९ : ७७.१०. २०२० : ९५.३०. २०२१ : ९९.९५. आता सांगा, आपली पोरं एका वर्षात एवढी 'ढ' आणि पुढच्याच वर्षी एवढी हुशार कशी काय झाली?

२०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, हे खरंच. पण मुख्य भानगड वीस मार्कांची. भाषा आणि समाजशास्त्र या विषयांत शाळेने द्यायचे २० गुण त्या वर्षी बंद झाले. पेपर पूर्ण १०० मार्कांचा. निकाल धाडकन बारा टक्क्यांनी खाली आला! पालकांची ओरड सुरू झाली : सीबीएसईच्या मुलांना शाळेचे मार्क मिळतात, मग अकरावीला आमची मुलं मागे पडणार नाहीत का? काही महिन्यांतच ते वीस मार्क परत आले.

ही ओरड जुनीच. २००८ मध्ये सरकारने वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका मापात आणायला पर्सेंटाइल आणलं, ते हायकोर्टात टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा एसएससीवाल्यांना, तेही टिकलं नाही. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं, म्हणजे सहा विषयांतले चांगले पाचच धरायचे. हायकोर्टाने तेही रद्द केलं, पण सुप्रीम कोर्टात ते तरलं. तिन्ही वेळा एका बाजूचे पालक खूश, दुसऱ्या बाजूचे कोर्टात. मुलाला काय येतं, हा प्रश्न या सगळ्यात कुणी विचारला नाही. भांडण होतं कॉलेजातल्या जागेचं.

आता हे वीस मार्क ज्यांनी द्यायचे त्यांच्याकडे बघू. माझी आत्या हायस्कूलात मराठी शिकवायची. वर्गात सत्तर मुलं. एकेकाची तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घ्यायची, मुलामागे पाच मिनिटं धरायची, तर एका वर्गाला जवळजवळ सहा तास. असे चार वर्ग. शिवाय वह्या, पेपर, आणि वर निवडणूक नि जनगणना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना इतर कामांना जुंपायला बंदी घातली खरी, पण दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका त्यातून वगळल्या.

मग सोपी वाट कोणती? सगळ्यांना अठरा. आत्या तशी नव्हती. एकदा तिने एका मुलाला चौदा दिले. दुसऱ्या दिवशी वडील हजर. "बाई, शेजारच्या शाळेत सरसकट एकोणीस दिलेत. माझ्याच मुलाचं नुकसान का?" मला त्या बापाचाही राग येत नाही. एका मार्काने कॉलेज हुकतं, हे तो डोळ्यांनी बघत होता. हेडमास्तरांनी आत्याला बोलावून घेतलं आणि चौदाचे अठरा झाले. "त्या पोराला वाचता येत नव्हतं गं," एवढंच ती आईला म्हणाली. अठरा मिळाल्यावर त्याचं वाचन कोण सुधारणार होतं?

२०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-गृहपाठाचे २०, सगळे शंभर मार्क शाळेच्या हातात. निकाल ९९.९५ टक्के. गंमत म्हणजे सरकारलाही त्यावर भरवसा नसावा, कारण अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये हायकोर्टाने तीही रद्द केली.

शिक्षकाच्या हातातले मार्क काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. लेखी पेपरात न दिसणारं मूल शिक्षकालाच दिसतं. पण त्या मार्कांवर कॉलेजची जागा ठरत असेल, तर ते खरे राहणं कठीण. माझ्यापुरता उपाय साधा आहे : हे वीस मार्क प्रवेशाच्या टक्केवारीत धरूच नका. गुणपत्रिकेवर वेगळे छापा, आणि वर्गात मुलं चाळीसच ठेवा. मग एखाद्या बाईंना चौदाला चौदा म्हणता येईल, आणि बापही घरी जाऊन पोराला वाचायला बसवेल.