गुंडी लावता येते का?

‘हिचं पुढं कसं होणार?’ आमवाताचं निदान झालं की घरचं कुणीतरी हे विचारतंच. डॉक्टरांकडे याचं धड उत्तर नव्हतं, आणि ते मिळालं तेही प्रयोगशाळेतून नाही. ते एका छापील कागदातून मिळालं.

त्याआधी १९४९ साली न्यूयॉर्कच्या ओटो स्टाइनब्रोकर यांनी सहकाऱ्यांसह रुग्णांचे चार वर्ग पाडले होते. सगळी कामं करू शकणारा पहिल्यात, अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेला चौथ्यात. वर्ग डॉक्टरनं ठरवायचा. चारच पायऱ्या असल्यानं माणूस वर्षानुवर्षं हळूहळू खचत गेला तरी कागदावर तो होता त्याच वर्गात राहायचा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स फ्राइज यांनी रोख बदलला. रुग्णाला काय हवं असतं? जगायचं असतं, हिंडाफिरायचं असतं, दुखणं नको असतं, औषधाचा त्रास नको असतो आणि खर्चानं कंबर मोडायला नको असते. मग मोजायचं तेच, आणि विचारायचं रुग्णालाच. १९८० साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातल्या हालचालींच्या भागात आठ गटांत वीस प्रश्न आहेत. बुटाची नाडी बांधता येते का, गुंडी लावता येते का, भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का, नळ सोडता-बंद करता येतो का. विनासायास जमलं तर शून्य, मुळीच जमत नसेल तर तीन. प्रत्येक गटातला सर्वांत वाईट आकडा घ्यायचा आणि आठांची सरासरी काढायची. खुबी अशी की काम जमतं, पण त्यासाठी काठी लागते किंवा दुसऱ्याचा हात लागतो, असं असेल तर त्या गटाचा आकडा निदान दोन धरायचा.

रक्ताच्या चाचण्या आणि क्ष-किरण चित्रांच्या जगात हा प्रकार पोरखेळ वाटणं साहजिक होतं. ‘रुग्ण म्हणतो’ याला कोण पुरावा मानणार? पण व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या थिओडोर पिंकस यांनी १९८४ साली ७५ रुग्णांचा नऊ वर्षांचा हिशेब मांडला. कामं करता न येणं, चालायला वेळ लागणं, गुंड्या लावताना अडखळणं या साध्या खुणांवरून कोण लवकर दगावणार याचा अंदाज येत होता. सर्वांत वाईट स्थितीतल्या रुग्णांचं आयुर्मान त्यांनी पुढे तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या हृदयरोग्यांशी ताडून पाहिलं, आणि सांध्यांचं दुखणं जिवावर बेतत नाही हा समज मोडीत निघाला. विचिटाच्या फ्रेडरिक वुल्फ यांनी २००३ साली हजारावर रुग्णांची माहिती तपासली, तेव्हाही मृत्यूचा अंदाज बांधायला हीच प्रश्नावली सर्वांत सरस ठरली.

प्रश्नावलीच्या आकड्यालाही एक खोड आहे. आजार नवा असताना हा आकडा मुख्यतः सूज आणि वेदना दाखवतो, म्हणून औषध लागू पडलं की झपाट्यानं उतरतो. सांधे झिजल्यावर मात्र सूज गेली तरी तो फारसा हलत नाही. त्यामुळे एकाच दिवसाच्या आकड्यावरून भविष्य सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तो वर्षागणिक कुठं चाललाय, यात खरी बातमी असते.

भारतात हा कागद जसाच्या तसा चालणार नव्हता. मूळ प्रश्नावलीत दुधाचा नवा खोका उघडणं आहे, टबातली आंघोळ आहे. आपल्याकडे दुधाची पिशवी, नि बादलीतलं पाणी. आमच्या बायकांचे गुडघे टबात नव्हे, मोरीत परीक्षा देतात. अशोक कुमार, ए. एन. मालवीय व सहकाऱ्यांनी २००२ साली बारा प्रश्नांची भारतीय आवृत्ती तपासून मांडली. तिच्यात साडी-धोतर नेसणं, उकिडवं किंवा मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजीबाजार करणं आलं. पुण्यात अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनंही आपली वेगळी आवृत्ती घडवली.

दवाखान्यात हा कागद हाती आला तर ‘जमतं’ या रकान्यावर सवयीनं खूण करू नका. साडीच्या निऱ्या सूनबाई घालून देत असतील, डब्याचं झाकण नातू उघडून देत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा.