चित्रातल्या बाईची कविता

कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे, अल्लादिया खाँसाहेबांची गायकी यांबद्दल अभिमानाने बोलतो. पण चित्रकारापुढे तासन्‌तास बसणाऱ्या बाईचा चेहरा तेवढा भिंतीवर राहतो. ती स्वतः कोण होती, हे सहसा कोणी विचारत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एलिझाबेथ सिडल (१८२९–१८६२) ही लंडनमधल्या टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. जॉन मिले यांच्या १८५२ च्या ‘ओफेलिया’ चित्रासाठी ती पाण्याच्या टबात पडून राहायची. एकदा टबाखालचे दिवे विझले, पाणी गार झाले आणि ती आजारी पडली. ही गोष्ट सगळे सांगतात. ती स्वतः चित्रे काढायची आणि रस्किनसारख्या समीक्षकाने ती विकत घेतली, हे फार थोडे सांगतात.

ती कविताही लिहायची. ओसरलेले प्रेम, एकटेपण, मृत्यू हे तिचे विषय. एका कवितेत बोलणारा पुरुष आहे. बाईच्या मनाशी त्याला काही देणेघेणे नाही, तिचे डोळे सुंदर आहेत तोवरच त्याची भक्ती. आयुष्यभर जिला इतरांनी न्याहाळले, तिनेच हा हिशेब मांडला आहे.

ती गेली तेव्हा नवरा रोझेटी याने स्वतःच्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. १८६९ मध्ये कबर उघडून ती बाहेर काढली आणि पुढच्याच वर्षी त्या कविता छापल्या. त्याच्या वहीसाठी कबर उघडली गेली. तिच्या कविता मात्र कागदांतच पडून राहिल्या. पुढे कित्येक वर्षांनी दिराने त्या छापायला घेतल्या.

आपल्याकडे अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) आठवतात. गोव्याच्या कलावंत घराण्यातल्या या बाई राजा रविवर्मा यांच्या मॉडेल होत्या. पण त्यांनी भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे तालीमही घेतली होती. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. किशोरीताईंच्या आई मोगूबाई या आपल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९५८ साली अंजनीबाईंना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली.

सिडलकडे शिष्य नव्हते, कागद होते. अंजनीबाईंचा सूर शिष्यांच्या गळ्यात राहिला. चित्राखाली चित्रकाराचे नाव असतेच. समोर बसलेल्या बाईचे नाव, आणि तिने स्वतः काय निर्माण केले, हे मात्र आपणच शोधून लिहायला हवे.